सेकंडहँड गाडी घेतली म्हणून हक्क सुटत नाही

आमच्या वसाहतीत एक पुस्तकविक्रेते बांधव राहतात. वर्षावासात गावोगावच्या विहारांत, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर, 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या परिसरात आणि 1 जानेवारीला भीमा कोरेगावला त्यांचा स्टॉल असतो. बाबासाहेबांचे ग्रंथ, बुद्धमूर्ती, दिनदर्शिका, पंचशील ध्वज असा त्यांचा माल. पंधरा वर्षे हा माल त्यांनी एस.टी.तून आणि भाड्याच्या टेम्पोतून वाहिला. मागे एका आषाढी पौर्णिमेच्या तोंडावर त्यांनी जुन्या गाड्यांच्या एका दुकानातून मालवाहू व्हॅन घेतली. किंमत 1 लाख 85 हजार रुपये. त्यांतील 60 हजार वहिनींच्या बचत गटाचे कर्ज होते आणि वहिनींची सोन्याची चेन मोडली होती ती वेगळीच.

अठराव्या दिवशी खंबाटकी घाटाच्या चढणीवर गाडीने मान टाकली. मागे दीड क्विंटल पुस्तके आणि बाहेर धो धो पाऊस. गाडी ओढून गॅरेजला नेली. मिस्त्रीने आधी इंजिन पाहिले. मग त्याला काय शंका आली कोण जाणे, त्याने सीट काढून खालचे मॅटिंग उचलले. खाली वाळलेल्या गाळाचा थर होता. सीटचे बोल्ट गंजलेले, वायरिंगच्या जोडण्या हिरव्या पडलेल्या. तो म्हणाला, “दादा, ही गाडी पुरातून निघालेली आहे.”

दुकानदाराचे उत्तर ठरलेले होते. “जुन्या गाडीला कसली आलीय गॅरंटी? बघूनच घेतलीत ना?”

मला दुकानदाराच्या उत्तराचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते आपल्या बांधवाच्या बोलण्याचे. ते मला म्हणाले, “ताई, जुनीच घेतली ना आपण. आता भांडायचं तरी कोणत्या तोंडानं?” हे वाक्य मी आपल्या लोकांच्या तोंडून फार वेळा ऐकले आहे. फ्रीज जुना घेतला, शिलाई मशीन जुने घेतले, मुलाला मोटारसायकल जुनी घेतली, की आपणच अर्धे अपराधी असल्यासारखे वागतो. नवी घ्यायची ऐपत नव्हती म्हणून जुनी घेतली. यात लाज वाटण्यासारखे काय आहे? आपण कमी किंमत दिली ती जुन्या वस्तूची दिली. खोटे ऐकून घेण्यासाठी सूट मिळालेली नव्हती.

कायदाही हेच सांगतो. आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा 1986 साली झाला. 24 डिसेंबर 1986 रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन. (दुसऱ्या दिवशी आपण मनुस्मृती दहन दिन पाळतो. आदल्या दिवशीची मात्र आपल्याला आठवणही नसते.) त्या कायद्याच्या जागी 2019 चा नवा कायदा आला आणि तो 20 जुलै 2020 पासून लागू झाला. पूर्वी ज्याला आपण ग्राहक मंच म्हणत असू, त्याचे नाव आता जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग असे आहे. या कायद्यात वस्तू नवीच असली पाहिजे अशी अट कोठेही नाही. मोबदला देऊन वस्तू घेतली की तुम्ही ग्राहक. मालाच्या दर्जाविषयी किंवा पूर्वेतिहासाविषयी खोटी माहिती देऊन तो विकणे, पावती न देणे, सदोष माल ठरलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत परत घेण्यास नकार देणे, या गोष्टींना या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा म्हटले आहे.

आता “बघूनच घेतली” या युक्तिवादाचे पाहू. तो सर्वस्वी खोटा नाही, म्हणूनच तो नीट समजून घेतला पाहिजे. 1930 च्या माल विक्री कायद्यानुसार खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जो दोष सहज दिसायला हवा होता त्याबद्दल मागाहून तक्रार चालत नाही. दरवाजा ठोकलेला आहे, टायर गुळगुळीत झाले आहेत, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आणि तरी पैसे मोजले, तर तो तुमचा सौदा. पण मॅटिंगखालचा गाळ पाहण्यासाठी कोणी गिऱ्हाईक दुकानात सीट उचकटत नाही. मीटर मागे फिरवलेले गिऱ्हाइकाला दिसत नाही. अशा लपलेल्या दोषाबद्दल विचारल्यावर “गाडी एकदम ओके, एका हाताची” असे सांगितले असेल, तर ती फसवणूक आहे. करारावर छापलेली “जशी आहे तशी” ही ओळ दुकानदाराला जुनेपणाबद्दल वाचवते. खोटेपणावर पांघरूण घालायला ती पुरत नाही.

येथे एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी, कारण पुष्कळ तक्रारी येथेच अडतात. गाडी विकणारा कोण आहे? जुन्या गाड्यांचा धंदा करणारा व्यापारी असेल तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. पण शेजाऱ्याने, कचेरीतल्या सहकाऱ्याने किंवा पाहुण्याने स्वतःची वापरातली गाडी तुम्हाला विकली, तर तो व्यापारी ठरत नाही. तेथे करार कायद्याखाली दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि मुद्दाम गंडवले असेल तर पोलिसांत फसवणुकीची फिर्याद देता येते. म्हणून नात्यातला व्यवहार असला तरी दोन कागद जास्त करावेत. आपल्यात उलटेच होते. दुकानदाराकडून पावती मागायला आपण भितो आणि पाहुण्याकडून मागायला लाजतो. शिवाय आपलाच माणूस आपल्याच माणसाला दोष लपवून गाडी विकतो तेव्हा काय म्हणावे? रविवारी विहारात बसून पंचशील म्हणायचे आणि सोमवारी मीटर मागे करून घ्यायचे, असे करणारेही मी पाहिले आहेत.

दुसरी शंका अशी की गाडी धंद्यासाठी घेतली तर ग्राहक म्हणवून घेता येते का? पुढे विकण्यासाठी किंवा व्यापारी कामासाठी माल घेणारा ग्राहक नव्हे, हे खरे. परंतु स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्याने यातून वगळले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात याचा खुलासा केला. स्वतः चालवून गुजराण करण्यासाठी जो ऑटोरिक्षा किंवा ट्रक घेतो तो ग्राहकच आहे. सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती चालवायला देतो तो नाही. आपल्या कितीतरी रिक्षावाल्या, टेम्पोवाल्या बांधवांना हा निकाल पाठ असायला हवा.

आमच्या बांधवाकडे पावती होती, पण कच्ची. साध्या कागदावर रक्कम आणि सही, दुकानाचे नाव नाही. त्यांना तारले ते वहिनींनी. दुकानदाराने मोबाईलवर पाठवलेले फोटो आणि “नो अॅक्सिडेंट, नो फ्लड” हा निरोप वहिनींनी पुसला नव्हता. शिवाय मोठी रक्कम बँकेतून गेली होती. रोख दिली असती तर माझ्याकडेही सांगण्यासारखे काही उरले नसते. यात त्यांनी आणखी एक शहाणपण केले. मिस्त्री लगेच इंजिन उतरवू पाहत होता, त्याला थांबवले. गाळाचे, गंजलेल्या बोल्टांचे फोटो काढले आणि कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी दाखवून लेखी अहवाल घेतला. दोष विक्रीच्या वेळीच गाडीत होता, हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर असतो. आधी दुरुस्ती करून मग तक्रारीला जाणारे याच मुद्द्यावर हरतात.

त्यानंतर स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. पंधरा दिवस वाट पाहून आयोगात तक्रार दाखल केली. याची भीती बाळगण्याचे कारण नाही. ज्या वस्तूसाठी 5 लाखांपर्यंत मोबदला दिला आहे तिच्या तक्रारीला फी नाही. 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगात चालते. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही 2019 च्या कायद्याने केलेली मोठी सोय. मुदत दोन वर्षांची. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरूनही तक्रार भरता येते आणि 1915 या क्रमांकावर आधी विचारपूस करता येते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. निकाल तीन महिन्यांत, मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हेही सांगून ठेवते.

वकील हवाच असेल तर? हे आपल्या घराघरांत माहीत असले पाहिजे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने 1990 साली लागू केल्या, त्यामुळे जात प्रमाणपत्र असलेले आपले बांधव यात बसतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते, तेथे अर्ज करावा. दूरध्वनी 15100. शिष्यवृत्तीसाठी आणि नोकरीसाठी आपण ते प्रमाणपत्र जपून ठेवतो. हा त्याचा आणखी एक उपयोग.

गाडी घेण्याआधी काय पाहावे, हे त्या मिस्त्रीकडूनच मी विचारून घेतले. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. पुरातल्या गाडीच्या पट्ट्यावर पाण्याची रेघ दिसते. डिकीतल्या स्टेपनीखाली हात घालून पाहावा, गाडी बंद करून आतला वास घ्यावा. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि 2021 च्या जुलैमध्ये चिपळूणला कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येतात. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करावे. सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन ऑईल खाते आहे. ऑईलच्या झाकणाला आतून साईसारखा पांढरा थर असेल तर पाणी मिसळले आहे. किलोमीटर कमी आणि ब्रेकचे पॅडल मात्र झिजलेले, असे दिसले तर वर्कशॉपच्या जुन्या नोंदी मागाव्यात. विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस शून्य दिसला तर का, ते विचारावे.

चासी नंबर आणि इंजिन नंबर आर.सी.शी ताडून पाहावेत. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, हे सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून पाहता येते. जुन्या गाड्यांच्या दुकानदाराला आर.टी.ओ.चे प्राधिकारपत्र घ्यावे लागते, हा नियम 1 एप्रिल 2023 पासून आहे. ते दाखवा म्हणावे. आणि टी.टी. फॉर्म, म्हणजे फॉर्म 29 व 30, सही करून एजंटच्या खणात पडू देऊ नयेत. नाव लवकर लावून घ्यावे आणि विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करावा. नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारते.

आता पुढचे. दुसऱ्या तारखेला दुकानदार वकील घेऊन आला आणि प्रकरण आयोगाच्या मध्यस्थी कक्षाकडे गेले. गाडी परत घेऊन 1 लाख 60 हजार रुपये दोन हप्त्यांत देण्याचे त्याने कबूल केले. मी म्हणाले, थांबा, पूर्ण रक्कम आणि नुकसानभरपाई मागू. वहिनी म्हणाल्या, “ताई, गटाचं व्याज आमच्या अंगावर चढतंय, तुमच्या नाही.” त्यांचे बरोबर होते. मी गप्प बसले.

दोन्ही हप्ते आले. गटाचे कर्ज फिटले, चेन मात्र परत झाली नाही. त्यानंतरच्या 1 जानेवारीला भीमा कोरेगावला माल पुन्हा भाड्याच्या टेम्पोतून गेला. वहिनींनी सगळे कागद एका फाईलमध्ये लावून ठेवले आहेत. मागच्या महिन्यात गल्लीतल्या एका मुलाने जुनी मोटारसायकल घेतली, तेव्हा तो आधी त्यांच्याकडे आला आणि पावतीवर काय काय लिहून घ्यायचे ते त्या फाईलमधून उतरवून घेऊन गेला.