सकाळी बोटे आखडतात?

“सकाळी वेणी घालायलाही बोटं वळत नाहीत,” असे सून म्हणाली, की सासूबाई सांगतात, “वात असेल, तेल चोळून शेक घे.” पण दोन्ही हातांचे लहान सांधे सुजले, आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकला आणि हे सहा आठवडे चालले, तर तो आमवात असू शकतो. यात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. शेकाने बरे वाटले, तरी आतली झीज थांबत नाही आणि वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. म्हणून सांधेविकारतज्ज्ञांना लवकर दाखवा. ते बहुधा मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली, तर जिवावर बेतू शकते. ठरलेला वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. मूल हवे असेल, तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा.