बॅगलेस व्हॅक्यूम क्लीनर घेताना

चाकांवर मागे ओढायच्या बॅगलेस क्लीनरमध्ये हवा गरगर फिरते, जड धूळ डब्यात पडते आणि बारीक धूळ फिल्टर अडवतो. दुकानात नुसते वॅट विचारू नका. वॅट म्हणजे मशीन खाते ती वीज, धूळ ओढायची ताकद नव्हे. घरात कुणाला दमा असेल तर आधी हेपा फिल्टर बघा. एच१३ दर्जाचा फिल्टर अगदी बारीक कणांपैकीही किमान ९९.९५ टक्के अडवतो. पण डबा रिकामा करताना तीच धूळ पुन्हा उडते! म्हणून डबा घराबाहेर, पिशवीच्या आत धरून उघडा. दमा असलेल्याला हे काम देऊ नका. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळल्यावरच बसवा. आणि बदली फिल्टर तुमच्या शहरात मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.