भाड्याचे मळणीयंत्र ठरल्या दिवशी आले नाही, तर?



अंबरनाथ तालुक्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास हळवे भात कापणीला येते. घरातली तरुण मंडळी अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांत कामाला, मजूर मिळत नाहीत. मग सारी भिस्त भाड्याच्या मळणीयंत्रावर. यंत्रवाला इसार घेतो, मंगळवारचा वायदा करतो, आणि दुसरीकडे जास्त भाडे मिळाले की तिकडे जातो. तेवढ्यात पाऊस आला, तर कापलेल्या भाताला शेतातच मोड फुटतात. २०१९ च्या ऑक्टोबर अखेरच्या अवकाळी पावसाने केलेली नासाडी आपण विसरलेलो नाही.

पावसावर इलाज नाही; पण मोडलेल्या शब्दावर आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही करारच असतो. अडचण येते ती पुराव्याची. याच कायद्याच्या ७३ व्या कलमाने करार मोडणाऱ्याकडून भरपाई मागता येते. मात्र ती कोणत्या नुकसानीची? करार मोडल्यावर सहजच होणाऱ्या, किंवा करार करतानाच दोघांना ठाऊक असलेल्या नुकसानीची.

यामागे इंग्लंडमधला एक जुना खटला आहे. ग्लॉस्टर गावच्या पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला. नमुन्यासाठी तो वाहतूकदाराकडे दिला. त्याने उशीर केला आणि गिरणी बंद राहिली. परंतु दांड्याविना गिरणी बंदच राहणार, हे वाहतूकदाराला कळवलेले नव्हते असे धरून १८५४ साली न्यायालयाने बुडालेल्या नफ्याची भरपाई नाकारली.

यातून घ्यायचा धडा एकच : आपले काय नुकसान होईल, ते इसार देतानाच सांगा. साध्या कागदावर यंत्र, दिवस, क्षेत्र, भाडे आणि इसार लिहा. खाली लिहा, “भात कापून शेतात आहे. यंत्र ठरल्या दिवशी आले नाही आणि पाऊस आला, तर भात वाया जाईल.” दोघांनी सह्या करा. तेही जमले नाही, तर हाच मजकूर मोबाईलवर पाठवा आणि पुसू नका.

यंत्र आलेच नाही, तर हात बांधून बसू नका. टाळता येण्याजोगे नुकसान टाळणे हे कायद्याने आपलेही काम आहे. भात ताडपत्रीने झाका, दुसरे यंत्र आणा, पावती ठेवा. जादा पडलेले भाडे आणि दिलेला इसार पहिल्या यंत्रवाल्याकडे मागा.

यंत्र आपल्या ताब्यात भाड्याने घेतले आणि ते सदोष निघाले, तर कलम १५० पाहा. त्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला मालक जबाबदार असतो. दोष मला माहीत नव्हता, ही सबब चालत नाही. मात्र आपणही ते स्वतःच्या वस्तूसारखे जपले पाहिजे.

दाद कुठे मागावी? आधी स्पीड पोस्टाने लेखी मागणी पाठवा. यंत्र चालकासह, कामासकट ठरवले असेल तर ती सेवा होय, आणि स्वतःच्या उपजीविकेसाठी ती घेणारा शेतकरी ग्राहक ठरतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करा. यंत्रवाला परजिल्ह्यातला असला तरी आपण ठाण्यातच तक्रार करू शकता. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा ग्राहक मदत क्रमांक आहे.

नुसते यंत्रच भाड्याने घेतले असेल, तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे. मुदत तीन वर्षे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. त्यासाठी विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर विचारा.

वायदा करणारा ओळखीचा, गावकीतला असला म्हणून लिहून घ्यायला संकोचू नका. चार ओळी लिहिलेल्या असल्या, म्हणजे पुष्कळदा भांडणाची वेळच येत नाही.