खाजगी रस्ते, निवासी वसाहतींतील
जमिनीचा मोठा तुकडा घरबांधणीसाठी भूखंडांत विभागताना प्रत्येक भूखंडापर्यंत पोहोचण्याची सोय म्हणून मूळ मालकाने आपल्याच जमिनीतून सोडलेला आणि स्थानिक संस्थेकडे निहित न झालेला रस्ता. अशा रस्त्याची मालकी स्थानिक संस्थेची नसली, तरी त्याची रुंदी, पातळी, बांधणी, जलनिस्सारण व वापर यांवर तिचे नियंत्रण असते. ‘खाजगी’ या विशेषणामुळे हा रस्ता म्हणजे घराच्या अंगणाचाच विस्तार होय, असा समज पुष्कळदा होतो. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर नाही. खाजगी रस्ता हाही ‘रस्ता’च होय, फरक आहे तो मालकीचा आणि देखभालीच्या जबाबदारीचा.

या विषयावरील भारतीय कायद्याचा उगम इंग्लंडमध्ये आहे. तेथे पूर्वी मालकाने लोकांच्या वापरासाठी रस्ता खुला केला व लोक त्यावरून जाऊ-येऊ लागले, म्हणजे त्याची दुरुस्ती स्थानिक पॅरिशवर आपोआप येऊन पडे. औद्योगिक शहरांच्या वाढीबरोबर घरे बांधून विकणाऱ्यांनी काढलेल्या रस्त्यांचा हा भार वाढत जाण्याची चिन्हे होती. १८३५ च्या महामार्ग अधिनियमाने ही आपोआपता संपविली. विहित रीतीने बांधल्याखेरीज व तपासणी झाल्याखेरीज नवा रस्ता सार्वजनिक खर्चाने दुरुस्त होणार नाही, असे ठरले. परिणामी लोक ज्यावरून चालतात, पण ज्याची दुरुस्ती कोणीच करीत नाही, असा रस्त्यांचा एक नवा वर्ग निर्माण झाला. त्यावर उपाय म्हणून १८९२ च्या खाजगी मार्ग बांधकाम अधिनियमाने स्थानिक संस्थेला रस्ता स्वतः बांधून त्याचा खर्च दुतर्फा मालमत्ताधारकांवर वाटण्याचा अधिकार दिला. ही वाटणी मुख्यतः रस्त्याकडील दर्शनी लांबीनुसार होई. कोपऱ्यावरील भूखंडधारकाला ती विशेष जाचक वाटे. घर बांधून विकणारा निघून जातो व भुर्दंड विकत घेणाऱ्याला बसतो, हा दोष १९५१ च्या नवीन मार्ग अधिनियमाने बराच दूर केला. घर बांधण्यापूर्वीच रस्त्याच्या खर्चाची रक्कम किंवा तारण स्थानिक संस्थेकडे ठेवणे त्याने आवश्यक केले. या सर्व तरतुदी पुढे १९८० च्या महामार्ग अधिनियमात एकत्र करण्यात आल्या.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ यात हीच विचारसरणी दिसते. ज्यावरून लोकांना जाण्याचा हक्क आहे किंवा ज्यावरून ते वीस वर्षे अखंडपणे जात आलेले आहेत, अशी वाट त्यात ‘रस्ता’ या व्याख्येत येते. सार्वजनिक नसलेला प्रत्येक रस्ता खाजगी. जमीन इमारतींसाठी आखावयाची वा तीत खाजगी रस्ता काढावयाचा असल्यास मालकाने आयुक्तांना आधी सूचना द्यावी लागते. रस्त्याची पातळी, दिशा, रुंदी व जलनिस्सारणाची व्यवस्था आयुक्त ठरवितात (कलमे ३०२ ते ३०४). रस्ता समतल, खडीचा वा फरसबंद नसेल, त्याला गटारे व दिवाबत्ती नसेल, तर महानगरपालिकेच्या मंजुरीने आयुक्त लगतच्या मालकांना ती कामे करावयास सांगू शकतात. त्यांनी न केल्यास स्वतः करवून खर्च कसूरदारांकडून वसूल करू शकतात (कलम ३०५). कामे समाधानकारक झाली, की आयुक्त रस्ता सार्वजनिक म्हणून घोषित करू शकतात, आणि दिव्यांची सोय झालेली असून मालकांपैकी कोणीही एकाने मागणी केल्यास त्यांना तसे करावेच लागते (कलम ३०६). मात्र सूचना लावल्यापासून एक महिन्याच्या आत रस्त्याच्या किंवा त्याच्या अधिक भागाच्या मालकाने हरकत घेतली, तर घोषणा निष्फळ ठरते. या योजनेत एक अंतर्विरोध आहे. रस्ता चांगला असेल तरच संस्था तो स्वीकारणार; पण तो चांगला करण्याचा खर्च ज्याने भूखंड विकून नफा मिळविला त्याच्याकडून न येता, पुढे घर बांधून राहणाऱ्यांकडून यावयाचा. साहजिकच कलम ३०५ चा कठोर वापर लोकप्रतिनिधींना अप्रिय वाटतो आणि रस्ते तसेच राहतात.

महाराष्ट्रातील इतर शहरांना १९४९ चा महानगरपालिका अधिनियम व लहान शहरांना १९६५ चा नगरपरिषदांविषयीचा अधिनियम लागू आहे. त्यांतील तरतुदी साधारणपणे याच धर्तीच्या आहेत. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानंतर प्रत्यक्ष नियंत्रण मुख्यतः अभिन्यासाच्या मंजुरीतून होते. ०·४ हेक्टर व त्याहून मोठ्या जमिनीत दहा टक्के खुली जागा सोडावी लागते आणि अंतर्गत रस्त्यांची रुंदी त्यांच्या लांबीनुसार वाढत जाते. येथे विकास योजनेतील रस्ता व अभिन्यासातील रस्ता यांत फरक करणे आवश्यक आहे. पहिला शहराच्या गरजेसाठी असतो व त्याखालील जमीन संस्थेला मोबदला देऊन किंवा हस्तांतरणीय विकास हक्काच्या बदल्यात घ्यावी लागते. दुसरा त्या अभिन्यासातील भूखंडधारकांसाठीच असतो.

मालकीचा प्रश्न तरीही शिल्लक राहतो. पंडित चेतराम वशिष्ठ विरुद्ध दिल्ली महानगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की अभिन्यास मंजूर करताना उद्याने व शाळांसाठी राखलेली खुली जागा विनामूल्य हस्तांतरित करण्याची अट कायद्याच्या स्पष्ट आधाराशिवाय घालता येत नाही. संस्था फार तर विश्वस्ताप्रमाणे तिची व्यवस्था पाहू शकते. तमिळनाडूत मात्र अशा जागेचे दानपत्र करून घेण्याची तरतूद नियमांतच असून ती सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वैध ठरविली. महाराष्ट्रात अनेक जुन्या अभिन्यासांत सातबाऱ्यावर रस्त्याखालील क्षेत्र मूळ मालकाच्याच नावे राहिलेले आढळते. भूखंड केव्हाच विकले गेलेले असतात. पण वारस पुढे येऊन रस्त्याचा मोबदला मागतात किंवा त्याचा कडेचा भाग विकू पाहतात. भूखंडधारकांचा वहिवाटीचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ खाली सुरक्षित असला, तरी तो सिद्ध करण्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

सर्वांत बिकट स्थिती गुंठेवारी वसाहतींची आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या हस्तांतराला मनाई केली असताना, शहरांच्या वेशीवरील शेतजमिनी एकेक-दोन दोन गुंठ्यांनी विकल्या गेल्या. सामाईक सातबारा, मुद्रांक कागदावरील करार आणि हाताने काढलेला नकाशा एवढ्यावर हे व्यवहार झाले. रस्ते अरुंद का राहिले, याचे कारण साध्या हिशेबाने कळते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. अशी जमीन चौरस धरल्यास तिची बाजू सु. ६४ मी. भरते. तीतून ९ मी. रुंदीचा एकच सरळ रस्ता काढला, तर साडेपाच गुंठ्यांहून अधिक जमीन जाते, ३ मी. चा बोळ काढला, तर दोन गुंठ्यांच्या आत भागते. वाचलेल्या पावणेचार गुंठ्यांत तीन घरे सहज बसतात. अग्निशामक बंबाची रुंदीच सु. २·५ मी. असते, समोर एखादे वाहन उभे असले, की बंब बोळात शिरत नाही. मलवाहिनी, जलवाहिनी व पर्जन्यजलाचे गटार यांना परस्परांपासून योग्य अंतर ठेवता येत नाही, त्यामुळे पाणी दूषित होण्याचा धोका राहतो. २००१ च्या गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याच्या अधिनियमाने प्रशमन शुल्क व विकास आकार घेऊन अशी बांधकामे नियमित करण्याची सोय केली. त्यासाठीची १ जानेवारी २००१ ही मर्यादा २०२१ च्या सुधारणेने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. शुल्काने कागद नियमित होतो, रस्ता रुंद होत नाही. त्यासाठी कोणाची तरी भिंत मागे घ्यावी लागते.

नव्या वसाहतींच्या बाबतीत २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने खरेदीदारांना काही संरक्षण दिले आहे. सामाईक क्षेत्रे प्रवर्तकाने भूखंडधारकांच्या संघाकडे वा सक्षम प्राधिकरणाकडे सोपवावयाची असतात आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कामातील वा सेवांतील दोष आढळल्यास ते विनामूल्य दूर करून द्यावे लागतात. वसाहतीच्या तोंडाशी फाटक बसविण्याची प्रथाही वाढत आहे. संस्थेने ताब्यात घेतलेल्या रस्त्यावर ते बसविता येत नाही. मुंबईच्या अधिनियमात रस्त्यावर अडथळा उभारण्याची मनाई ‘कोणत्याही रस्त्या’ला उद्देशून असल्यामुळे खाजगी रस्त्यावरील फाटकही आयुक्तांच्या अधिकारकक्षेबाहेर नाही.

अमेरिकेत रहिवाशांच्या संघाने रस्त्याची मालकी कायमची स्वतःकडे ठेवण्याची पद्धत जुनी आहे. सेंट लूइस येथे ज्यूलिअस पिट्‌झमन या भूमापकाने १८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस असे खाजगी रस्ते आखण्यास प्रारंभ केला. पुढे अनेक नगरांनी रस्ता ताब्यात न घेण्याच्या अटीवर अरुंद रस्त्यांना परवानगी दिली. त्यामुळे नगराचा खर्च वाचला, तथापि रहिवाशांना मालमत्ता कर व संघाची वर्गणी असा दुहेरी भार उचलावा लागतो. अशा मालकीतील जोखीम सॅन फ्रॅन्सिस्कोच्या प्रेसिडिओ टेरेस या संपन्न वसाहतीत दिसून आली. तेथील रस्त्यावरील वार्षिक सु. १४ डॉलर कराची बिले संघाचे काम पूर्वीच सोडलेल्या हिशेबनिसाच्या पत्त्यावर जात राहिली, कर थकला आणि २०१५ मध्ये शहराने पदपथांसह तो रस्ता लिलावात सु. ९०,००० डॉलरना विकला. रहिवाशांना हे २०१७ मध्ये कळले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथील पर्यवेक्षक मंडळाने मतदान घेऊन ती विक्री रद्द केली.