अर्धा किलोचा घोडा

"सर, तुमी पकडायलाव. धरायला पायजे."

सुतारमामांनी पिस्तूल माझ्या हातातून काढून घेतलं आणि ढिल्या मुठीच्या कोयत्याकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात असल्या की बीडमध्ये सुताराला उसंत नसते. मामांच्या पुढ्यात बाभळीच्या मुठींचा ढीग पडलेला होता आणि त्या ढिगाशेजारी माझी एक अक्रोडाची मूठ. परदेशातून आलेली, बोटांसाठी खोबणी असलेली, दिसायला देखणी. माझ्या हाताला मात्र ती परकीच होती. तिच्यावर चार महिने घालवल्यावर मी मामांकडे आलो होतो.

आधी एक खुलासा. आमच्या जिल्ह्यात 'पिस्तूल घेतलंय' असं म्हटलं की समोरचा आवाज खाली आणतो. गेल्या काही वर्षांत बीडचं नाव ज्या कारणांनी बातम्यांत आलं, त्यानंतर तर जास्तच. म्हणून मी पूर्ण वाक्य बोलायला शिकलोय: दहा मीटर एअर पिस्तूल, हवेवर चालणारं, साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा. याला शस्त्रपरवाना लागत नाही. तरी शेजारच्या आजी अजून माझ्याकडे जरा जपूनच बघतात.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. नेमबाजी चाळिशीनंतर लागली. खेळ म्हटला की आमच्याकडे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आठवतो, आणि नेमबाजी म्हटली की बोट कोल्हापूरकडे जातं. तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे हे रायफलवाले. पिस्तुलात राही सरनोबत, जिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटरचं सुवर्ण शूट-ऑफमध्ये खेचून आणलं. तिकडे विचारायला माणसं आहेत, रेंज आहेत. इथे मला विचारायला कुणी नव्हतं, म्हणून जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या मी केल्या.

पहिली चूक खरेदीची. स्टायर, मोरिनी, वाल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाउ ही नावं मी तोंडपाठ केली होती. कशात धक्का शोषणारी यंत्रणा आहे, कशाचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक आहे, कशाला पुढे वजनं सरकवता येतात, याच्यावर मी तास-तासभर बोलू शकत असे. आज वाटतं, तो सगळा वेळ वाया गेला. या दर्जाचं कुठलंही पिस्तूल शिकंज्यात घट्ट बांधून झाडलं तर दहा छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. फरक पडतो तो शिकंजा काढून आपण उभे राहिल्यावर. नियमाप्रमाणे पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं. बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास असतात. ते एका हातात, कोपर न टेकवता, ७५ मिनिटांत साठ वेळा उचलायचं. त्याआधीच्या पंधरा मिनिटांतले सरावाचे नेम वेगळे. दुकानात पाच मिनिटं हातात धरून हे कळत नाही.

मी वापरलेलं घेतलं, स्वस्त पडलं म्हणून. हवेची नळकांडी बघितलीच नाही. तिच्यावर बनावटीची तारीख कोरलेली असते आणि दहा वर्षं झाली की स्पर्धेत ती चालत नाही. माझ्या नळकांडीला अकरा महिने उरले होते. विकणाऱ्याला ते माहीत असणार. मीही विचारलं नाही. जुनं पिस्तूल घेणाऱ्याने नळीत डोकावण्याआधी ही तारीख वाचावी.

हवा भरायचा प्रश्न आणखी निराळा. नळकांडीत २०० बार दाब लागतो. मोठ्या शहरात मोठं सिलिंडर भरून मिळतं, इथे हातपंप. दिसायला सायकलच्या पंपासारखाच. पण शेवटच्या पन्नास बारला सगळं अंग त्याच्यावर टाकावं लागतं. पावसाळ्यात तर हवेतला ओलावा आत जाऊ नये म्हणून दर थोड्या वेळाने थांबून पंपाची गाळणी तपासायची. भरून झालं की हात थरथरतो, म्हणून हवा आदल्या दिवशीच भरून ठेवायची. ही साधी गोष्ट कळायला मला महिना लागला.

आता मुठीकडे. मामांनी तळहाताला गेरू फासला आणि म्हणाले, "आता धरा. दाबू नका." मूठ सोडल्यावर लाकडावर तांबडे ठिपके उमटले होते: अंगठ्याच्या मुळाशी एक जाड, करंगळीखाली एक, आणि तळहाताच्या खळग्याच्या जागी कोरं लाकूड. म्हणजे माझा हात मुठीला दोनच जागी भेटत होता, बाकी मी जोर लावून धरत होतो. उंचवटे मामांनी कानशीने उतरवले. खळग्यात एम-सील मळून, त्यात थोडा लाकडाचा भुसा घालून भरलं आणि ते ओलं असतानाच माझा हात त्याच्यावर ठेवून घेतला, तेल लावून, चिकटू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेरू, पुन्हा कानस, मग पॉलिश पेपर. असं पाच वेळा. मध्ये मध्ये कोयतेवाले येत होते आणि माझं काम बाजूला सरकत होतं. ते योग्यच होतं. त्यांचं पोट त्या मुठीवर होतं, माझी हौस.

नियमाच्या चौकटी मी मामांना सांगत होतो. मुठीचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये. तळहाताखालची फळी वर वळलेली चालत नाही. सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. मामा म्हणाले, "मनगटाला टेका कशाला पायजे? टेका दिला की हात झोपतो." नियमपुस्तकाचं इतकं चांगलं भाष्य मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

मूठ जमली की नाही हे बघायची परीक्षा सोपी आहे. डोळे मिटायचे, हात उचलायचा, नेमाच्या उंचीला आणायचा, डोळे उघडायचे. पुढची माशी मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये दिसली पाहिजे, वरच्या कडा एका रेषेत. माझी माशी दर वेळी डावीकडे असायची आणि मी ती मनगट वळवून मध्ये आणायचो. साठ नेमांत साठ वेळा. विसाव्या नेमानंतर मनगट ऐकेनासं व्हायचं. मामांच्या पाचव्या फेरीनंतर डोळे उघडले तर माशी मध्येच होती.

याला इतकं महत्त्व का, ते फळ्यावर मांडून दाखवतो, सवयच आहे. माशी आणि खाच यांच्यात समजा ३२० मिलिमीटर अंतर. माशी खाचेत एक मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर छर्रा सुमारे ३१ मिलिमीटर सरकतो. दहाचं वर्तुळ आहे साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं. छर्ऱ्याची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात, म्हणजे मध्यापासून आठ मिलिमीटरची सूट. ३१ वर मिळतात सात. उलट माशी खाचेत नीट ठेवून सगळा हातच आठ मिलिमीटर बाजूला डुलला, तरी काठावरचे दहा मिळतात. हात डुलणारच, माणसाचा आहे. तो डुलू द्यायचा आणि नजर माशीवर ठेवायची. लक्ष्य धुरकट दिसलं पाहिजे, माशी धारदार. नवशिक्याला हे पटत नाही. त्याला वाटतं, नेम म्हणजे लक्ष्याकडे बघणं.

म्हणून नेम काळ्या वर्तुळाच्या मध्यावर धरायचाच नाही. काळ्यावर काळी माशी दिसणार कशी? काळ्याच्या खाली पांढरी पट्टी सोडून तिथे धरायचं आणि मागच्या साइटचे खटके फिरवून छर्रा वर मध्यात आणायचा. माशीच्या दोन्ही बाजूंना खाचेत प्रकाशाच्या पट्ट्या दिसतात. त्या मी आधी बारीक ठेवल्या होत्या, जास्त काटेकोर म्हणून. चाळिशीच्या डोळ्यांना त्या चिकटून दिसायच्या. खाच रुंद केली आणि डोळ्याचा ताण उतरला. नेमबाजीच्या खास चष्म्यावर मात्र पैसे घालवू की नको हे ठरत नव्हतं, तेवढ्यात २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कीच्या युसुफ दिकेचने साध्या चष्म्यावर मिश्र सांघिक रौप्य मिळवलं. माझा प्रश्न मिटला. अर्थात त्याच्यामागे किती वर्षांचा सराव होता हे मी सोयीस्करपणे विसरलो.

छर्ऱ्यांचं थोडक्यात. डब्यावर ४.४९ किंवा ४.५० लिहिलेलं असतं. नळीला कुठला मानवतो हे पिस्तूल शिकंज्यात बांधून, प्रत्येकी दहा झाडून बघायचं. माझ्या दर्जाच्या माणसाला त्यातला फरक गुणफलकावर दिसत नाही. एकदा बघा, डबे एकाच प्रकारचे घ्या आणि विसरून जा.

ट्रिगर. आमच्याकडे घोडा म्हणतात. एअर पिस्तूलचा घोडा निदान ५०० ग्रॅम वजन पेलला पाहिजे, त्याच्या आत सुटता कामा नये. स्पर्धेआधी पिस्तूल उभं धरून, घोड्याला वजन अडकवून, अलगद उचलून बघतात. ओढीचे दोन टप्पे असतात: पहिला लांब आणि मऊ, मग एक भिंत लागते, आणि भिंतीनंतर बारीकसा दाब. मी पहिल्या टप्प्यावर बराचसा भार टाकतो आणि भिंतीला थोडा ठेवतो. प्रत्येकाचा हिशेब वेगळा. सुटल्यावर घोडा पुढे मोकळा पळू नये म्हणून एक थांब्याचा स्क्रू असतो, तो फार आवळला तर घोडा सुटतच नाही.

पहिल्या स्पर्धेच्या आदल्या रात्री मी हे सगळे स्क्रू फिरवले. किराणा दुकानातून अर्धा किलोचं लोखंडी वजन आणलं, सायकलच्या तारेचा आकडा केला आणि घोडा अगदी काठावर आणून ठेवला: वजन पेलतोय, पण जेमतेम. हुशारी वाटली. सकाळी तपासणीच्या टेबलावर पंचांनी वजन लावलं आणि घोडा टिक करून सुटला. तीनदा. मला बाजूला बसवलं, मी घाईत स्क्रू आवळला, पुन्हा तपासणी, पास. पण आता हातातला घोडा अनोळखी होता. भिंत कुठे आहे तेच कळेना. पहिल्या दहा नेमांत ७९.

घरी आल्यावर ते वजन उलटं केलं. लोखंडी वजनाच्या पोटात खाच असते, तिच्यात शिसं ओतून त्याच्यावर शिक्का मारतात. शिसं निखळून पडलेलं होतं. सराफाच्या काट्यावर वजन भरलं ४८८, आकड्यासकट. त्या काट्यावर माझ्याशिवाय कुणी लोखंड तोलायला नेलं नसेल. दुकानदाराला सांगितलं तर तो ओशाळला आणि लगेच वजन बदललं. किती वर्षं किती डाळ कमी गेली असेल, हे मी विचारलं नाही.

तेव्हापासून मी एका वेळी एकच गोष्ट बदलतो, वहीत तारीख घालून लिहितो आणि पुढचे पाचशे छर्रे दुसऱ्या कशाला हात लावत नाही. स्पर्धेआधीचा आठवडा तर पेचकस घरात कुलपात. तरी यंत्र ते यंत्र. २५ जुलै २०२१ ला टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलाचा लीव्हर ऐन पात्रता फेरीत मोडला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि ५७५ वर ती दोन गुणांनी अंतिम फेरीला मुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात तिने कांस्य घेतलं. ती बातमी वाचून मी दोन रबरी वायसर आणि एक सुटा स्क्रू पेटीत टाकले. दुसरं पिस्तूल ठेवण्याची ऐपत नाही.

परवा नव्या, शिक्क्याच्या वजनावर घोडा पुन्हा तपासला. ५०० पेलतो, वर दहा ग्रॅमची नाणी चिकटवली तरी पेलतो. नऊ महिन्यांत त्याला हात लावलेला नाही. दहा नेमांची सरासरी ८९ वर आलीय.

मामांनी त्या मुठीचे पैसे घेतले ते कोयत्याच्या मुठीच्या दराने. एम-सीलचे वेगळे लावले.