रुग्णालयीन कार्यसंस्कृती

रुग्णालयातील कर्मचाऱ्यांमध्ये रूढ असलेली समान गृहीते, मूल्ये व वर्तनाचे अलिखित संकेत यांच्या समुच्चयास रुग्णालयीन कार्यसंस्कृती असे म्हणतात. एडगर शाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये संघटनेच्या संस्कृतीचे तीन स्तर मांडले : दृश्य आविष्कार, उद्‌घोषित मूल्ये व मूलभूत गृहीते. रुग्णालयातील गणवेश किंवा डॉक्टरांच्या फेरीतील ज्येष्ठताक्रम पहिल्या स्तरात, भिंतीवरील सेवेचे ब्रीद दुसऱ्यात, तर ‘वरिष्ठांची चूक बोलून दाखवू नये’ यासारखी समजूत तिसऱ्यात मोडते. कर्मचाऱ्यांचे प्रत्यक्ष वर्तन बहुधा या तिसऱ्या स्तरास अनुसरून घडते.

रुग्णालयात प्रशासकीय व वैद्यकीय अशी दुहेरी अधिकारव्यवस्था असते. परिचारिका सेवाविषयक बाबतींत प्रशासनास जबाबदार असते. उपचारांबाबत मात्र ती डॉक्टरांच्या सूचना पाळते. त्यामुळे एकाच विभागाची संस्कृती निरनिराळ्या श्रेणींतील कर्मचाऱ्यांना निरनिराळी भासते. अमेरिकेतील अतिदक्षता विभागांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ७३ टक्के डॉक्टरांनी परिचारिकांशी असलेले सहकार्य उच्च प्रतीचे असल्याचे सांगितले. डॉक्टरांच्या सहकार्याविषयी असे मत देणाऱ्या परिचारिका मात्र ३३ टक्केच होत्या.

ब्रिटिश मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीझ यांनी लंडनमधील एका अध्यापन-रुग्णालयातील परिचर्याव्यवस्थेचा अभ्यास केला (१९६०). कामाची लहानलहान भागांत विभागणी करणे, रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी रोगाने वा खाटेच्या क्रमांकाने करणे इ. प्रथांमुळे वेदना व मृत्यू यांच्या सान्निध्यातून उद्‌भवणारी चिंता दूर ठेवली जाते. परंतु त्याच प्रथांमुळे सेवेतील समाधानही हिरावले जाते, असे त्यांनी दाखविले.

कर्मचाऱ्यांच्या या धारणांचा रुग्णाच्या सुरक्षिततेशी निकटचा संबंध आहे. एमी एडमंडसन यांना १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चांगले नेतृत्व व परस्परसंबंध असलेल्या रुग्णविभागांत औषधे देण्यातील चुकांची नोंद अधिक आढळली. तेथे चुका अधिक होत होत्या असे नव्हे, तर त्या निर्भयपणे सांगितल्या जात असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष होता. याउलट, इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे १९८४–९५ या काळात झालेल्या बालहृदयशस्त्रक्रियांच्या चौकशी अहवालाने (२००१) मोजक्या व्यक्तींच्या हाती एकवटलेल्या सत्तेवर व ‘मंडळ-संस्कृती’वर ठपका ठेवला.

कार्यसंस्कृतीचे मापन मुख्यत्वे प्रश्नावल्यांद्वारे केले जाते. अमेरिकेत २००४ मध्ये रुग्णसुरक्षा-संस्कृतीविषयीची एक प्रश्नावली शासकीय संस्थेने प्रसृत केली. तथापि, संपूर्ण रुग्णालयाच्या सरासरीत श्रेणीश्रेणींतील मतभेद लोपतात. कनिष्ठ कर्मचाऱ्यास शंका बोलून दाखविता येते किंवा नाही, हे त्या श्रेणीची उत्तरे स्वतंत्रपणे तपासल्याशिवाय कळत नाही. [→ परिचर्या, रुग्णालय].