वळणाआधीचा लाल दिवा

आंबेनळी घाटात रविवारी सकाळी कठड्याशी थोडा वेळ उभं राहिलं की दोन तऱ्हेचे मोटरसायकलवाले दिसतात. एक पुण्या-मुंबईकडचे. अंगात जॅकेट, गुडघ्यांना पॅड, हेल्मेटवर कॅमेरा आणि पाच-सहा गाड्यांचा ताफा. दुसरे वाडा-कुंभरोशीचे नाहीतर पोलादपूरकडचे. गाडी शंभर सीसीची, मागे बायको, दोघांच्या मधे पोर, हँडलला अडकवलेली पिशवी. पहिल्यांचा आवाज आधी येतो, आणि त्यांच्यातल्या काहींच्या ब्रेकचा लाल दिवा वळणात शिरल्यावर पेटतो. दुसऱ्यांचा दिवा वळणाच्या बराच आधी पेटून, वळण येईपर्यंत विझलेलाही असतो. पोशाख पहिल्यांचा बरोबर, यात शंका नाही. हेल्मेट खुंटीला ठेवून घाट उतरणाऱ्या गावकऱ्याचं कौतुक बेतानंच करावं. पण घाट कसा चालवावा हे शिकायचं असेल, तर बघावं त्या दुसऱ्या दिव्याकडे.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर आहे. सावित्रीच्या काठचं पोलादपूर १०० मीटरच्याही खाली. या दोन गावांना जोडणारा रस्ता आंबेनळी घाटातून जातो. मधलं अंतर साधारण ४० किलोमीटर, वाटेत प्रतापगडाचा फाटा. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस याच घाटात दरीत कोसळली. बसमधला एकच जण वाचला. दुचाकीचा इथे जो कस लागतो तो दिसायला साधा आहे. गाडी आणि वरची दोन माणसं मिळून २८० किलो धरली, तर एवढ्या उंचीवरून ती खाली आणताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्यात दहा लिटर थंड पाणी उकळीला येईल. ही सगळी उष्णता दोन ब्रेकच्या माथी मारायची, की तिचा मोठा वाटा इंजिनाकडे द्यायचा, हे चालवणाऱ्यानं घाटमाथ्यावरच ठरवायचं असतं.

म्हणून जुने लोक सांगतात, ज्या गिअरात घाट चढतोस त्याच गिअरात उतर. दुसरा किंवा तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला, क्लचवरचा हात काढलेला. इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढतं. तरीही उतारावर गाडी न्यूट्रल करून, वर चावी फिरवून इंजिन बंद करणारे आजही भेटतात. पेट्रोल वाचतं, हा त्यांचा हिशेब. तो आता चुकतो. बीएस-६ च्या जमान्यातल्या बहुतेक मोटरसायकलींना फ्यूएल इंजेक्शन आहे, आणि गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं बरंच इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायलाच पेट्रोल लागतं. चावी फिरवली तर पुढचा दिवाही जातो, आणि धुक्यात समोरच्याला दिसणारी तेवढीच एक खूण असते. स्कूटरवाल्यांची अडचण वेगळी. गिअरच नाही, त्यामुळे इंजिनाची ओढ कमी, आणि वेग फार उतरला की क्लच सुटून तीही जाते. त्यांनी दोन्ही ब्रेक आलटून-पालटून, दाबून-सोडून वापरावेत आणि मधे रुंद जागा बघून गाडी थंड होऊ द्यावी. ब्रेकचा लिव्हर नेहमीपेक्षा खोल जायला लागला किंवा जळका वास आला, की थांबायचंच. ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं बदललेलं नसेल तर हवेतली ओल शोषून त्याचा उत्कलनबिंदू बराच खाली आलेला असतो.

आता वळण. डोंगरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची जी मानकं आहेत, त्यांत हेअरपिन वळणाच्या आखणीसाठी किमान वेग धरला आहे ताशी २० किलोमीटर आणि आतल्या बाजूची किमान त्रिज्या १४ मीटर. या त्रिज्येवर ताशी २० ला मोटरसायकल साधारण १३ अंश कलते. ३० ला २७ अंश. ४० ला ४२. शेवटच्या आकड्याला टायरवर येणारा आडवा ताण गाडीच्या वजनाच्या नऊ-दशांश होतो; साध्या टायरला कोरड्या डांबरावरही तेवढी पकड मिळेल याची खात्री नाही, ओल्यावर तर विषयच नको. ताशी ३० आणि ४० यांत सरळ रस्त्यावर काडीचा फरक जाणवत नाही. इथे तो जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो.

उतरताना उजवीकडे वळणारं एखादं हेअरपिन घेऊ. सराईत चालक पन्नासेक मीटर आधीच सरळ उभ्या गाडीवर दोन्ही ब्रेक लावतो. पुढचा जोरात पण हळूहळू वाढवत, मागचा हलका. कारण उतारावर वजन पुढच्या चाकावर लोटलेलं असतं आणि मागचं चाक चटकन जाम होऊन घसरतं. (१२५ सीसीवरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, पण कित्येक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, हे मालकाला ठाऊक असावं.) मग गिअर खाली, क्लच पूर्ण सुटलेला. एक लांब हॉर्न. इथपर्यंत गाडी अजून सरळच चाललेली असते, आपल्या डाव्या कडेनं. वळण सुरू झालं तरी तो लगेच उजवीकडे झुकत नाही. डावी बाजू धरून आत शिरतो आणि पलीकडचा रस्ता उघडा दिसला की मगच गाडी वळवतो. हनुवटी खांद्याच्या दिशेला, नजर बाहेर पडायच्या जागेवर. कठड्याकडे बघणारा कठड्याकडेच जातो, हे शब्दशः खरं आहे. गाडी कलली की ब्रेकला हात नाही, ॲक्सिलरेटर अगदी थोडा उघडा, म्हणजे गाडी दोन्ही चाकांवर बसल्यासारखी चालते. नवखा नेमका उलटा वागतो. वळण दिसताच घाईनं मध्यरेषेकडे झुकतो, वळणाच्या शेवटी जागा कमी पडते, गाडी बाहेर फेकल्यासारखी डावीकडे सरकते, आणि घाबरून पुढचा ब्रेक आवळला जातो.

त्याच वळणावर खालून एसटी येत असते. चढणाऱ्या बसला हे वळण डावं, म्हणजे आतलं, अरुंद आणि जास्त चढाचं. मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात, म्हणून ड्रायव्हरला बसचं तोंड मुद्दाम बाहेर, उतरणाऱ्याच्या बाजूला काढावं लागतं. त्यात त्याची दांडगाई नसते. दुसरा मार्गच नसतो. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, हा नियमही आहे आणि त्यामागचं कारणही डोळ्यांपुढे आहे: चढावर थांबलेली भरलेली बस पुन्हा उचलणं महाकठीण. उतरणाऱ्यानं वळणाआधीच डाव्या कडेला थांबावं, बस पूर्ण निघू द्यावी. बसमागून दुसरी गाडी असू शकते, तीही जाऊ द्यावी.

रस्ताही रोज सारखा नसतो. गाड्यांच्या चाकांनी उडालेली बारीक खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला साचते. टाकी काठोकाठ भरलेल्या ट्रकचं डिझेल वळणावरच सांडतं. ओल्या डांबरावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर गाडी न कलवता, सरळ ठेवूनच त्यावरून न्यावी. दाट झाडीखाली उन्ह पोचत नाही, तिथे पावसाळ्यात डांबरावर शेवाळ धरतं. माकडांना पर्यटक खाऊ टाकतात, त्यामुळे ती रस्त्यावरच बसलेली असतात.

मागे बसणाऱ्यानं चालवणाऱ्याच्या कमरेला धरावं आणि गाडी कलेल तसं कलावं. भीतीनं उलट्या बाजूला झुकलं तर वळण बिघडतं. ताफ्यातल्यांनी वळणांत एकामागे एक राहावं, आणि पुढच्याचा वेग तो आपला वेग मानू नये.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि वाहतूक बंद ठेवावी लागली. पावसाळ्यात असं बंद होणं या घाटाला नवं नाही. निघण्याआधी महाबळेश्वर किंवा पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात फोन करून घाट सुरू आहे का ते विचारा, आणि आडवं बॅरिकेड लागलेलं दिसलं, तर बाजूच्या फटीतून मोटरसायकल निघते म्हणून ती काढू नका.